सातशे ताटं, दोन मुलं

११ जून

ताई,

नमस्कार. परवा दुकानात फोन केला होता, पण मागे तुमच्या शिलाई मशिनी धडधडत होत्या आणि चार गिऱ्हाईकं कान टवकारून बसलेली असणार, म्हणून "सगळं ठीक" असं म्हणून ठेवून दिला. ठीक काही नाही. म्हणून लिहायला बसलोय.

तुमची बहीण जाऊन आठ महिने झाले आणि धाकटा, आपला बोका, जेवत नाही. हट्टाने जेवत नसता तर दोन धपाटे घातले असते आणि मग जवळ घेतला असता. तसं नाही हो. ताटाशी येऊन बसतो, पहिला घास तोंडात घेतो, जरा थांबतो, आणि हळूच वाटीत परत ठेवतो. "आईचं नाही," म्हणतो. रडणं नाही, आरडाओरडा नाही. पाच वर्षांचं पोर इतकं शहाण्यासारखं वागायला लागलं की मीच ताट उचलून ठेवतो. दूध, पाव आणि केळं यांवर चाललंय. मोठी अकराची आहे, ती माझ्या तोंडाकडे बघून चार घास ढकलते. तेही मला दिसतं.

हसाल तुम्ही. हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात मला बावीस वर्षं झाली, त्यातली नऊ मुख्य आचारी म्हणून. दोन्ही वेळची सातशे ताटं माझ्या हाताखालून जातात. मधुमेहवाल्यांचं वेगळं, बिनमिठाचं वेगळं, दात नसलेल्यांचं वेगळं. आणि घरी तिघांचं जमत नाही! खरं सांगायचं तर घरी मी कधी पातेल्याला हातच लावला नाही. दिवसभर डाव फिरवून आलं की पातेल्याकडे बघवत नाही. ही तिथेच वॉर्डात आया, दुपारीच सुटायची. मी रात्रीची ताटं देऊन, तिकडेच जेवून यायचो, तोवर मुलं झोपलेली. सुट्टीच्या दिवशी ही म्हणायची, "आज शेगडीलाही सुट्टी," आणि आम्ही पाव-अंडी खायचो. बारा वर्षांच्या संसारात हिच्या हातचं नीट जेवलोच नाही मी. आता सकाळची पाळी मागून घेतलीय, संध्याकाळी घरी असतो, आणि विचारायला ही नाही.

मोठीला विचारलं. ती म्हणते, सूप असायचं. दाट, पांढरट. कसलं ते माहीत नाही म्हणते. तुम्ही हिला लहानाची मोठी केलीत, स्वयंपाक तुमच्याच हाताखाली शिकली. लग्न ठरताना तुम्हीच म्हणाला होतात, "आचाऱ्यालाही बोटं चाटायला लावील." काय घालायची ती सुपात, तेवढं कळवा. चिमूटभरसुद्धा काही सोडू नका.

तुमचा,
बोक्याचा बाप


१७ जून

भावजी,

पत्र वाचलं आणि कात्री हातातच राहिली. एवढं होईपर्यंत तोंड शिवून बसलात? शिवायचं काम माझं, तुमचं नव्हे.

सूप सांगते. चार बटाटे. एक कांदा बारीक चिरून लोण्यावर गुलाबी परतायचा, लसणाच्या दोन पाकळ्या ठेचून, मिरपूड बेताची, उतरवताना साय. मिठाला हात आखडू नका. आमची धाकटी डोळे मिटून करायची.

आणि एक ऐका. मुलांना पाहुण्यांसारखं ताटावर बसवू नका, स्वयंपाकघरात घ्या. बोक्याला स्टुलावर उभा करा, सोलू दे, सांडू दे. मोठीला चव बघायला सांगा. स्वतः केलेलं मूल खातं. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुली स्वतः शिवलेला फ्रॉक वाकडा असला तरी मिरवतात, तसंच आहे हे.

हेही नाही जमलं तर मी बसलेय. दुकानामागे दोन खोल्या रिकाम्या, शाळा गल्लीच्या तोंडाशी. माझा माणूस जाऊन सहा वर्षं झाली, मूलबाळ नाही, ताट वाढून "जेव रे" म्हणायला कोणी नाही. पोटच्या पोरांसारखी वाढवीन. राग मानू नका, पण एकट्या पुरुषाला हे झेपणारं नव्हे.

ताई


२९ जून

ताई,

तुम्ही सांगितलंत तसं केलं. काय झालं ते सगळं सांगतो, मग काय म्हणायचं ते म्हणा.

रविवारी दोघांना स्वयंपाकघरात घेतलं. बोक्याला स्टुलावर उभा केला, कमरेला माझा अॅप्रन तीन वेढे देऊन बांधला. बटाटे त्याने धुतले. धुतले म्हणजे आंघोळ घातली, प्रत्येकाला विचारून, "डोळ्यात साबण नाही ना गेला?" मोठी हसली. ताई, घरात आठ महिन्यांनी कोणी हसलं. मीही चेकाळलो. माझी सवय तुम्हाला माहीत नाही, मला सातशेचंच प्रमाण पाठ. मग मोठी पाटीवर भागाकार करत बसली, सातशेला इतकं तर तिघांना किती, आणि उत्तर आलं सव्वा कांदा. बोका म्हणाला, "पाव कांदा रडत नाही का?" मी एवढा हसलो की डोळे पुसावे लागले.

कांदा परतला, लोण्याचा वास घरभर. साय घातली, मीठ चोख घातलं. स्वतः चाखलं. बावीस वर्षांत इतकं चांगलं सूप केलं नव्हतं मी. वाटीत वाढलं, बोक्याने फुंकर मारली, चमचा तोंडात घेतला, थांबला. आणि वाटीत परत.

ताई, मी हात उचलला. मारलं त्याला. एकच, पण मारलं. त्याने गालाला हात लावला आणि म्हणाला, "बाबा, छान आहे. आईचं नाही फक्त." माझी समजूत घालत होता हो तो! मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसलो.

नंतर मोठी आली. म्हणाली, "बाबा, तुम्ही हॉस्पिटलात करता तसं करा ना." मला तोंडात मारल्यासारखं झालं. म्हणजे माझा स्वयंपाक आजाऱ्यांच्याच लायकीचा? ते पाणचट, बिनमिठाचं माझ्या पोरांना घालू? मग तिने विचारलं, "हॉस्पिटलातून थोडं घरी आणता येतं का?" मी तिला नीट समजावलं. आमच्याकडून एक चमचा बाहेर जात नाही. तीन वर्षांपूर्वी भांडी घासणाऱ्या बाईने डब्यात दोन डाव सूप घातलेलं मीच दारात पकडलं होतं, दुसऱ्या दिवशी तिला काढलं. नियम म्हणजे नियम. पोर ऐकून एवढीशी झाली. बापाची शिस्त कळली असेल म्हटलं.

मी काय चुकतोय? तुमच्या सुपात काही राहिलंय का सांगायचं?

बोक्याचा बाप


५ जुलै

भावजी,

सुपात काही राहिलेलं नाही. राहिलंय ते तुमच्या घरात. तिथल्या प्रत्येक भांड्यावर त्या लेकराला आई दिसते, तो जेवणार कसा? जागा बदलली की जीभ बदलते. आणि जेवत्या पोरावर हात टाकलात, हे वाचून मला दोन दिवस सुई ओवता आली नाही. तुम्ही वाईट नाही, मला माहीत आहे. पण माणूस बुडायला लागला की जवळच्यालाच धरतो. पाठवा दोघांना. मी काही परकी नाही.

ताई


२ ऑगस्ट

ताई,

महिनाभर उत्तर दिलं नाही, कारण उत्तर "नाही" होतं. "नाही" लिहून तीन पत्रं फाडली.

काल बोका शाळेत भोवळ येऊन पडला. डॉक्टर ओळखीचे, आमच्याच हॉस्पिटलचे. वजनाच्या काट्याकडे बघून म्हणाले, "आचाऱ्याचं पोर ना हे?"

रविवारच्या गाडीने दोघांना घेऊन येतो, पोचवतो आणि त्याच गाडीने परत फिरतो. थांबलो तर सोडून येणार नाही. मोठी माझ्याशी बोलत नाही. कपडे भरताना एकदाच म्हणाली, "मी एक सांगू?" मी म्हटलं, आता काही सांगू नकोस बाई, माझ्यात ऐकायचा जीव नाही. ती परत घड्या घालायला लागली.

बोका पालथा झोपतो, त्याला उलटा करू नका. दुधावरची साय काढून द्या.

बाप


१९ ऑगस्ट

भावजी,

काळजी नसावी. मुलं रुळताहेत. मोठी बटणांची काजं करायला शिकली, हात चांगला आहे तिचा. दोघांनी मिळून काल बिस्किटं केली, बोक्याने पिठाचा ससा केला, कान माझ्या कात्रीने कापले. घर कसं भरल्यासारखं वाटतं. खाण्याचं म्हणाल तर सुधारतंय, हळूहळू व्हायचंच. इथल्या शाळेत नावं घालायची म्हणजे तुमची सही लागेल, कागद सोबत ठेवलाय. सही करून धाडा.

ताई


२८ ऑगस्ट

ताई,

कागद सही करून ठेवलाय, पण पाकिटात घालवत नाही. सुधारतंय म्हणजे किती खातो? काय खातो? मोठीची एक ओळ का नाही? जाताना तिला माझ्या पत्त्याची पाच पाकिटं तिकिटं लावून दिली होती. रागावली असेल तर तसं लिहायला सांगा, शिव्या घालायला सांगा, पण लिहायला सांगा. आमच्याकडे रोज दुपारी सातशे ताटं जातात आणि परत आलेल्या ताटांत कोणी किती टाकलं ते मी बघत बसतो. वेड लागेल मला.

बाप


३ सप्टेंबर

भावजी,

हे पत्र वाचून माझं तोंड बघू नये वाटलं तर बघू नका. पण शेवटपर्यंत वाचा.

बोका सुधारत नाहीये. कधीच सुधारला नाही. आला त्या दिवशी त्याच्या कमरेचं माप घेतलं होतं, चड्ड्या शिवायच्या म्हणून. परवा पुन्हा घेतलं, दीड इंच कमी. बिस्किटाचा ससा त्याने कपाटात ठेवलाय, खाल्ला नाही. सोमवारी उठेचना. दोन दिवस इथल्या दवाखान्यात सलाईन लावलं, आज घरी आणलाय. डॉक्टर म्हणाले, आठवडाभरात तोंडाने काही गेलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल. दुकानाला कुलूप आहे, मी त्याच्या उशाशी आहे.

मोठीने तुम्हाला पत्र लिहिलं होतं, चोवीस तारखेला. टाकायला माझ्याकडे दिलं. मी ते फोडलं आणि वाचलं. आणि मशिनीच्या खणात ठेवून दिलं. दहा दिवस त्याच मशिनीवर बसून मी शिवत होते.

का, ते सांगते. आमच्या धाकटीला स्वयंपाक येत नव्हता. मीच येऊ दिला नाही. आई लवकर गेली, मी तिला चुलीजवळ फिरकू द्यायची नाही, भाजेल म्हणून, पोळेल म्हणून. तिला पाणी उकळायचं तरी मला हाक मारायची. लग्नाच्या वेळी मी तुमच्याशी खोटं बोलले. तुम्हाला लिहिलेलं सूप तिचं नव्हतं, माझं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मेलेल्या बहिणीची लाज राखली असं मनाला सांगितलं. राखत होते माझीच. आणि मुलं इथे आली, घरात पावलं वाजायला लागली, मग तर वाटलं, हे पत्र गेलं की मुलंही जातील. पोर वाळत होतं आणि मी खण उघडत नव्हते. मला क्षमा मागायचं तोंड नाही.

मोठीचं पत्र सोबत आहे.

ताई


(सोबतचं पत्र)

२४ ऑगस्ट

बाबा,

मी आईला शब्द दिला होता की सांगणार नाही. पण आता सांगते.

ते सूप तुमचंच होतं. आई घरी काही करायची नाही, तिला यायचं नाही. वॉर्डात ज्यांचं ऑपरेशन असायचं त्यांना खायला द्यायचं नसतं, आणि काही पेशंट सकाळीच घरी गेलेले असतात, पण पहाटेच्या मोजणीत त्यांचं दुपारचं सूप यायचंच. कोणी न उष्टावलेलं. ते ओतून द्यायचं असतं. आई ते डब्यात आणायची. तुमचं ते बिनमिठाचं. ती म्हणायची, टाकायचंच होतं, चोरी नाही, पण तुझ्या बाबांनी बघितलं तर मला दारातच धरतील. आम्ही तिघं हसायचो. तुम्ही भांडीवाल्या बाईंना धरलंत ना, त्या दिवशी आई हसली नाही. दोन दिवस आम्ही पाव खाल्ला. मग तिने परत आणलं.

घरी आली की ती डबा पातेल्यात ओतायची, वाटीभर पाणी घालायची आणि कपडे बदलायला जायची. तेवढ्यात रोज खाली लागायचं. रोज "अगं बाई" म्हणत धावत यायची. बोक्याला तसंच लागतं.

मी तुम्हाला सांगणार होते, पण तुम्ही नियमाचं बोललात. मग मला वाटलं तुम्ही आईला चोर म्हणाल, आणि तिला आता उलट बोलता येणार नाही.

बोका मला विचारतो, आईचं सूप संपलं का. मी काय सांगू? बाबा, या.

मोठी


६ सप्टेंबर

ताई,

दुकानाचा फोन सकाळपासून वाजवतोय, कुलूप आहे हे माहीत असूनही वाजवतोय. म्हणून हे पत्र तातडीच्या टपालाने. तुमच्यावर रागवायचं नंतर बघू. राग आहे. पण आधी हे करा, वाचता वाचता करायला घ्या.

चार बटाटे, अर्धा सोललेला दुधी, एक कांदा, मूठभर तांदूळ. परतायचं काही नाही. लोणी नाही, लसूण नाही, मिरपूड नाही. कांदा आधी वेगळ्या पाण्यात उकळा आणि ते पाणी फेका, म्हणजे त्याचा उग्रपणा जातो. मग सगळं एकत्र शिजवा, अगदी गाळ होईपर्यंत. चाळणीतून घासून काढा. पेलाभर दूध. मीठ अजिबात नाही, त्याऐवजी लिंबाचे चार थेंब, उतरवल्यावर. हे मी बावीस वर्षं रोज करतोय. आजारी माणसाच्या जिभेला काही बोचू नये म्हणून करतो. मी त्याला पाणचट म्हणालो होतो ना?

मग ते दोन-तीन तास तसंच ठेवा. नंतर वाटीभर पाणी घालून आचेवर ठेवा आणि तिथून निघून जा. खाली लागू द्या. माझ्या हाताखाली कोणी भांडं लागू दिलं तर मी दिवसभर त्याच्याशी बोलत नाही, पण तुम्ही लागू द्या.

ताई, इतके महिने मी हिच्या हातची चव शोधत होतो. मी तिला चोर म्हटलं असतं का? मोठीला वाटलं तसंच झालं असतं. धरलं असतं मी तिला दारात. त्या भांडीवाल्या बाईला तर धरलंच की. आज दुपारी तिच्या घरी गेलो होतो. दार उघडलं, मला बघितलं आणि लावून घेतलं. बरोबरच आहे. तिच्याही घरी कोणीतरी जेवायचं राहिलेलं असणार, मी विचारलंच नव्हतं.

रजेचा अर्ज दिलाय. बदली आचारी मिळेपर्यंत सोडत नाहीत, शनिवारी निघतो. तोवर त्याला काहीतरी खाऊ द्या हो. पाया पडतो तुमच्या.

बाप


८ सप्टेंबर

भावजी,

परवा फोन वाजत होता, उचलायचं तोंड नव्हतं. पत्र सकाळी अकराला आलं. मोठीने वाचायचं आणि मी करायचं, असं केलं. चाळणीने घासताना तिने माझ्या हातातून चमचा घेतला, म्हणाली, "मावशी, आई नेमकं किती पाणी घालायची ते मला माहीत आहे." दुपारी पातेलं आचेवर ठेवलं आणि आम्ही दोघी दुकानात जाऊन उभ्या राहिलो. मला काही केल्या राहवेना, वास आला की मी धावणार. मोठीने माझा पदर धरून ठेवला. "अजून थोडं," म्हणाली.

बोक्याला भिंतीला टेकवून बसवला. पहिला चमचा घेतला. थांबला. आता परत वाटीत ठेवणार. पण त्याने गिळलं.

आणि उठला. कालपर्यंत भिंत धरून चालणारं पोर, चमचा टाकून पळत सुटलं. "आई!" दुकानात गेला, कपडे घालून बघायच्या खोलीचा पडदा ओढला. कापायच्या टेबलाखाली वाकला. न्हाणीघराचं दार दोन्ही हातांनी वाजवलं, "आई, मी आहे, उघड." मागचं दार उघडून गल्लीत बघून आला. आम्ही दोघी जागच्या हललो नाही, भावजी. काय म्हणून अडवायचं त्याला?

परत आला तेव्हा रडत होता. तुम्ही म्हणाला होतात ना, तो रडत नाही. एवढ्या महिन्यांचं सगळं एकदम आलं, घर दणाणून गेलं. गिऱ्हाईक दारात आलेलं परत गेलं. मोठीने त्याला मांडीवर ओढला. म्हणाली, "आई नाहीये रे. ती नाही येणार. सूप बाबांचं आहे. रोज बाबांचंच होतं, आई फक्त आणायची." त्याला किती कळलं देव जाणे. पण हुंदके देत देत त्याने वाटी पुढे ओढली. अर्धी संपवली. मधूनच ठसका लागत होता, तरी थांबला नाही. मी पदरात तोंड खुपसून बसले होते.

वाटी खाली ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मग बाबा कुठंय?"

सही केलेला तो कागद फाडून टाका. दोघांचे कपडे धुऊन, इस्त्री करून भरून ठेवलेत. मला वर्षातून एकदा त्यांना बघू द्याल की नाही ते तुमच्या मनावर, मी मागायची नाही.

शनिवारपर्यंत थांबू नका.

ताई